साठ टक्क्यांची चाळणी

निकालाचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो आमच्या फॅमिली ग्रुपवर भाऊजींनी टाकला. मेसेज मोठा आहे, पण मुद्दे चारच. बिल गेट्सने कॉलेज अर्धवट सोडलं आणि सचिन कॉलेजच्या वाटेला गेलाच नाही. गूगलसुद्धा मार्क बघत नाही. टॉपर नोकरी करतो आणि बॅकबेंचर त्याला पगार देतो. पाच वर्षांनी मार्कशीट कोणी विचारत नाही. तेव्हा मार्क सोडा, स्किल कमवा, आणि हो, दहा जणांना पाठवा.

मी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. मधली काही वर्षं प्लेसमेंटचं काम माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे हा मेसेज वाचून नुसता अंगठ्याचा इमोजी टाकणं जमलं नाही.

गेट्सपासून सुरुवात करू. 1973 साली हार्वर्डला गेला तेव्हा त्याच्या खिशात सॅटचे, म्हणजे तिकडच्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे, 1600 पैकी 1590 मार्क होते. तिथे असताना त्याने गणिताच्या एका कोड्यावर जे डोकं चालवलं, ते एका प्राध्यापकाबरोबर 1979 साली शोधनिबंध म्हणून छापून आलं. 1975 साली कॉलेज सोडलं ते कंपनी काढण्यासाठी, विषय राहून केटी लागली म्हणून नाही. सचिनचं तर विचारूच नका. डिसेंबर 1988 मध्ये, पंधराव्या वर्षी, मुंबईकडून गुजरातविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात नाबाद 100. त्याची मार्कशीट स्कोअरबुकात होती. तुमच्या बबड्याने पंधराव्या वर्षी असं काही केलं असेल तर खुशाल वह्या रद्दीत घाला.

गूगलचा मुद्दा जरा मजेशीर आहे. तो अगदी हवेतून आलेला नाही. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी 2013 साली न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं, की माणूस निवडायला मार्क हा निकष कुचकामी आहे. पण त्याच वाक्यात त्यांनी एक अपवादही सांगितला होता: नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले. त्यांच्या बाबतीत मार्कांचा आणि कामाचा थोडा का होईना संबंध दिसतो, असं ते म्हणाले होते. मेसेज नेमका याच पोरांसाठी फिरतो आणि वाक्याचं तेवढंच शेपूट गळालेलं असतं.

आता टॉपर आणि बॅकबेंचर. मालक झालेले बॅकबेंचर मीही पाहिलेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या वडिलांचं आधीपासून दुकान होतं, नाहीतर मामा बिल्डर. त्यात गैर काही नाही. पण ज्याला ओळख आहे त्याला मार्क लागत नाहीत, हे तो सगळ्या जगाचा नियम म्हणून सांगू लागला की माझं डोकं फिरतं. ज्याच्या घरात कोणी कधी ऑफिसची पायरी चढलेलं नाही, त्याच्या हातात अनोळखी माणसाला दाखवायला तो एक कागदच असतो.

हे कळायला प्लेसमेंटच्या खोलीत बसावं लागतं. कंपनीचा मेल येतो: दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हींत 60 टक्के, एकही केटी बाकी नको. बहुतेक मोठ्या आयटी कंपन्यांची अट थोड्याफार फरकाने हीच असते. आम्ही एक्सेलची शीट उघडतो, फिल्टर लावतो आणि यादी झपकन आखडते. गेलेल्या नावांशी कोणी बोललेलं नसतं. त्यांचा प्रोजेक्ट कोणी पाहिलेला नसतो आणि ज्या स्किलचा मेसेजमध्ये एवढा उदो उदो आहे, ते दाखवायची वेळच येत नाही. एका वर्षी असाच एक मुलगा केबिनच्या दारात उभा राहिला. गावाकडचा, कोडिंगमध्ये वर्गात सगळ्यांच्या पुढे. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी दोनदा राहिली होती, पुढे सुटली, पण टक्के 59.6 वर अडकले. म्हणाला, "सर, राउंड ऑफ होत नाही का?"

नाही झालं.

एका छोट्या फर्ममध्ये तो निम्म्या पगारावर लागला. तीन वर्षांनी त्याच मोठ्या कंपनीने त्याला अनुभवी म्हणून घेतलं आणि मुलाखतीत मार्कांचा विषयही निघाला नाही. म्हणजे चौथा मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे, हे मी कबूल करतो. फक्त ती तीन वर्षं मेसेजमध्ये कुठे मोजलेली नसतात. त्या काळात त्याने बहिणीच्या लग्नाचं कर्जही फेडलं.

आणि काही दारं पाच वर्षांनीही मार्क विचारतात. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पदव्युत्तर पदवीवर द्यायची तर तिथे 55 टक्के हवेत, आरक्षित गटांना 50. गेट या इंजिनीअरिंगच्या परीक्षेवरून भरती करणाऱ्या बऱ्याच सरकारी कंपन्या डिग्रीला 60 किंवा 65 टक्के मागतात, मग गेटचा स्कोअर कितीही चांगला असो. एमबीएच्या प्रवेशासाठीच्या कॅटला उत्तम पर्सेंटाइल मिळवूनही काही आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावीपासूनचे मार्क धरतात. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला मात्र नुसती पदवी पुरते, तिथे मेसेजवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

जर्मनीचं गणित तर सरळ सूत्रच आहे. तिथे आपल्या मार्कांचं रूपांतर करतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास होण्यापुरते किमान यांच्यातल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला, आणि मास्टर्सचे बरेच अभ्यासक्रम 2.5 किंवा त्याहून चांगला ग्रेड मागतात. दहापैकी पॉइंटर (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची सरासरी) आणि पास व्हायला 4 धरले, तर 7 पॉइंटर म्हणजे बरोबर 2.5.

माझी भाची, म्हणजे भाऊजींचीच मुलगी, मेकॅनिकलला आहे आणि तिला जर्मनीलाच जायचंय. सहा सेमिस्टरनंतर तिचा पॉइंटर 6.8 आहे, सूत्रात घातला की 2.6 येतो. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही, तिला फोन केला. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरले तर 7 वर पोचायला उरलेल्या दोन्ही सेमिस्टरमध्ये तिला 7.6 काढावे लागतील.