प्रीपोन

‘कॅन वी प्रीपोन इट?’ एवढंच विचारलं होतं मी. 14 ऑगस्टला ठरलेली ऑनलाइन मीटिंग जरा अलीकडे घेता येईल का, कारण त्या आठवड्यात माझी रजा आहे. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण स्क्रीनवरच्या दोन चौकटी एकदम हसल्या. एकीत लंडनचे साहेब, दुसरीत शिकागोच्या बाई. एरवी या दोघांचं कशावरही एकमत होत नाही. माझ्या इंग्रजीवर मात्र लगेच झालं.

‘प्री-पोन!’ साहेबांनी शब्द जिभेवर घोळवला. ‘हाउ चार्मिंग.’ साहेब एखाद्या गोष्टीला चार्मिंग म्हणाले की समजावं, आपली शिकवणी सुरू होणार. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची सरसावली आणि सांगितलं, ‘वी से, ब्रिंग इट फॉरवर्ड.’

‘फॉरवर्ड?’ बाई म्हणाल्या. ‘फॉरवर्ड म्हणजे पुढे. पुढे म्हणजे नंतर. त्याला तर आधी हवीय. मूव्ह इट अप म्हणायचं.’

‘अप? वर कुठे?’

‘कॅलेंडरमध्ये वर.’

‘माझं कॅलेंडर आडवं आहे,’ साहेब म्हणाले.

‘मग मनात उभं करा.’

‘तरीही वर जाणं म्हणजे आधी येणं कसं? वय वर जातं ते नंतर जातं.’

‘आणि वय पुढेही नंतरच जातं!’ बाई कडाडल्या.

साहेब क्षणभर गप्प झाले. मला वाटलं, संपलं. पण ते फक्त चहाचा घोट घेत होते. मग त्यांनी काळ आपल्याकडे येतो की आपण काळाकडे जातो, असा मूलभूत प्रश्न मांडला. काळ आपल्याकडे येत असेल तर पुढे आणलेली मीटिंग आधी होते. आपण काळाकडे जात असू तर नंतर. हे समजावताना त्यांनी उजव्या हाताने काळ आणि डाव्या हाताने मीटिंग दाखवली. कॅमेरा आरसा असल्यासारखा वागत नसल्यामुळे बाईंना ते उलटं दिसलं. आमच्या कामाचा अर्धा वेळ त्यात गेला. मी मध्येच पुटपुटलो, ‘म्हणूनच प्रीपोन.’ दोघंही माझ्याकडे वळून एका सुरात म्हणाले, ‘दॅट्स नॉट अ वर्ड.’

पोस्टपोन हा शब्द, प्रीपोन मात्र शब्द नाही! रात्री झोप येईना म्हणून मी शोधत बसलो. हा ‘नसलेला’ शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात केव्हाच जाऊन बसलाय. आणि पुढे जे सापडलं त्यानं मी अंथरुणात उठून बसलो. 1913 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला एका वाचकानं पत्र लिहून सुचवलं होतं, की पोस्टपोनला जोडीदार हवा, म्हणून मी प्रीपोन हा शब्द घडवतो. न्यूयॉर्क! बाईंच्याच देशात! त्यांनी शब्द घडवला, टाकून दिला, आम्ही तो वापरून दाखवला, आणि आता तो आमचा अडाणीपणा. हे सांगायला रात्री दोन वाजता घरात जागं कुणी नव्हतं.

बरं, या दोघांनी मला इंग्रजी शिकवावं तरी कुठल्या तोंडानं? गेल्या महिन्यात माझ्या प्रस्तावावर साहेब म्हणाले, ‘लेट्स टेबल इट.’ म्हणजे ब्रिटनमध्ये, चर्चेला घ्या. बाईंनी लगेच यादीतून तो काढून टाकला, कारण अमेरिकेत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं. मी तोंड उघडेपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला. चर्चिलनं लिहून ठेवलंय, की दुसऱ्या महायुद्धात याच एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची लांबलचक, कडवट वादावादी झाली, आणि शेवटी कळलं की दोन्ही बाजूंना हवं होतं एकच. तिथे निदान कुणीतरी शेवटी विचारलं. माझा प्रस्ताव अजून टेबलावर आहे. कुठल्या देशाच्या, ते विचारू नका.

त्याच आठवड्यात साहेबांनी माझ्या अहवालाला ‘क्वाइट गुड’ म्हटलं. बाईंनी माझं अभिनंदन केलं. अमेरिकन कानाला ते भरघोस कौतुक वाटतं. ब्रिटिश तोंडातून त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ठीक आहे, चालेल’ एवढाच निघतो. त्या दोन दिवसांच्या आनंदाची भरपाई कोण देणार?

यांच्या पेव्हमेंटचंच घ्या. लंडनमध्ये ती पायी चालणाऱ्यांची जागा. अमेरिकेत बहुतेकदा त्याच शब्दानं डांबरी रस्ता समजतात, ज्यावरून गाड्या धावतात. लंडनच्या आईनं ‘पेव्हमेंटवरूनच चाल हं’ असं बजावलेलं पोर तिकडे गेलं तर काय होईल, याची काळजी या दोघांपैकी कुणाला नाही. काळजी आहे ती माझ्या प्रीपोनची.

आणि माझी खरी खदखद इथेच आहे. नोआ वेबस्टरनं 1828 च्या आपल्या कोशात ‘कलर’मधला यू बिनदिक्कत उडवला, ती अमेरिकेची अस्मिता ठरली. सॉकर हा शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्याच विद्यापीठातल्या पोरांनी असोसिएशन फुटबॉलचं लघुरूप करून काढला, आणि आज साहेबलोक तो अमेरिकनांच्या नावावर खपवून नाकं मुरडतात. त्याहून कहर म्हणजे ब्रिटनचा बिलियन. तो आधी दहा लाख गुणिले दहा लाख होता. 1974 मध्ये सरकारनं अमेरिकेचा कित्ता गिरवला आणि तो अधिकृतपणे एक हजारांश झाला. एका आकड्यातून तीन शून्यं गेली, तरी कुणी हाउ चार्मिंग म्हटलं नाही. ते बदलतात तेव्हा भाषा जिवंत असते. आम्ही बदललं की ती बिघडते. कोट्यवधी लोक रोज जो शब्द बोलतात, ज्याचा अर्थ एकालाही चुकत नाही, त्याला परवानगी अजूनही दोन चौकटींकडून घ्यायची!

हसू नका, मी रागात आहे.

या सगळ्यात तिसरी चौकटही होती, जोहान्सबर्गची. हा गृहस्थ उशिरा आला आणि ‘रोबोटपाशी अडकलो होतो’ म्हणाला. त्याच्याकडे ट्रॅफिक सिग्नलला रोबोट म्हणतात. बाईंना वाटलं कारखान्यातून बोलतोय. त्याला कुणी हसलं नाही, उलट ‘ओह, इंटरेस्टिंग!’ झालं. मीटिंगची आमंत्रणं कॅलेंडरवर टाकायचं काम त्याच्याकडे. ‘आय विल सेंड इट जस्ट नाऊ,’ म्हणाला. मी स्क्रीनकडे बघत बसलो. दक्षिण आफ्रिकेत जस्ट नाऊ म्हणजे थोड्या वेळानं. थोडा म्हणजे किती, ते देव जाणे. आमंत्रण अजून आलेलं नाही.

पण बाईंची मेल आली. ‘नवी तारीख 8/7.’ अमेरिकन रिवाजाप्रमाणे महिना आधी, म्हणजे 7 ऑगस्ट. माझ्या रजेच्या बरोबर आठवडाभर आधी. साहेबांचं दोन मिनिटांत उत्तर: ‘ब्रिलियंट, सी यू देन.’ साहेबांकडे दिवस आधी लिहितात. म्हणजे 8 जुलै. एवढी घाई कशाला, असं विचारणं त्यांच्या सभ्यतेत बसत नसावं.

त्यांनी तयारीही सुरू केली आहे म्हणे. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही.