तक्रारदाराला अटक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी मारबत, म्हणजे पीडा नेणारा पुतळा, मिरवत निघते, लोक घसा फोडून 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडतात, आणि त्याच दिवशी तिला जाळून निकाल लागतो. माझ्या म्हाताऱ्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डावरची पिवळी मारबत, म्हणजे 'चेक इंजिन'चा दिवा, मात्र बाराही महिने मुक्कामाला असते. पीडा घेऊन जायचं तिच्या गावीही नाही.

या दिव्याची एक खोड आहे. तो मालकाआधी दुसऱ्यांना दिसतो. शेजारच्या सीटवरचा मेहुणा असो की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर खिडकीतून डोकावणारा अनोळखी, निदान एकच: "दिवा जळून राहिला ना भाऊ? सेन्सर असन. काही नाही होत, चालवा बिनधास्त." कोणता सेन्सर, हे विचारायचं नसतं. जुन्या इंजेक्शन गाडीतही ते डझनाच्या आसपास असतात, पण नागपुरात सेन्सर एकवचनीच.

माझं भांडण याच निदानाशी आहे. स्कॅनर जो कोड दाखवतो तो गुन्हेगाराचं नाव सांगत नाही, फिर्याद कोणती आली ते सांगतो. पी ०१७१ म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त'. ही फिर्याद इंजिनातून निघणाऱ्या धुरावर लक्ष ठेवणारा ऑक्सिजन सेन्सर नोंदवतो. आणि गॅरेजात पहिल्यांदा बदललं कोण जातं? ऑक्सिजन सेन्सर! तक्रार करायला आलेल्यालाच कोठडीत टाकायचं. काही हजार रुपये जातात, आठवड्याभरात नवा सेन्सर तीच फिर्याद घेऊन हजर.

म्हणून आधी बॅटरी. हसू नका. इंजिन बंद असताना मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी साचली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशनं घासा, निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे कसली आहे तो बोल्टही बघा. व्होल्टेज डगमगलं की इंजिनाचा कॉम्प्युटर अशा वस्तूंच्या तक्रारी करतो ज्या ठणठणीत असतात. पावसाळ्यात उंदीरमामा बॉनेटखाली राहायला आले असतील तर वायरिंगवरचं प्लॅस्टिकही चाचपून घ्या.

मग स्टिअरिंगखालचा १६ पिनांचा सॉकेट. त्यात खोचून फोनवर कोड दाखवणारं ब्लूटूथ डोंगल पाचशे-हजारात मिळतं. सर्वांत स्वस्त नकला जुन्या गाड्यांशी बोलतच नाहीत, तेव्हा परत करता येईल अशा ठिकाणी घ्या. कोड मिटवायचं बटण दिसलं की बोट शिवशिवतं, पण हात आवरा. आधी कोड आणि त्याच्यासोबतच्या 'फ्रीझ फ्रेम'चा फोटो काढा. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, भार किती, हा पंचनामाच असतो. कोड मिटवला की तो गेला. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे हेच करतात, आणि वर हात झटकतात.

आता खरी चाचणी, जिच्यासाठी कुणाकडेच वेळ नसतो: फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, तो आकडा. पाच टक्के इकडेतिकडे म्हणजे तब्येत उत्तम, दहापर्यंत चालतं. समजा, नुसत्या आयडलिंगला तो +१८ आहे आणि २५०० आरपीएमला +४ वर आला. म्हणजे कुठून तरी चोरून हवा शिरते आहे, कारण मोठ्या श्वासात तेवढी चोरी लपते. उलट, भार वाढल्यावर आकडा वाढत असेल तर पेट्रोलचा फिल्टर, पंप किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ यांच्याकडे बघा.

हवेची चोरी ही नागपूरची खासियत म्हणायला हरकत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत गाडी सदर भागातल्या रस्त्यावर उभी राहिली की बॉनेटखालचं रबर पापडासारखं होतं. इनटेकच्या रबरी पाइपाच्या घडीत, इंजिनाच्या वाफा नेणाऱ्या बारक्या नळीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते. ती दिसत नाही, वाकवल्यावरच उघडते. दोन फूट रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं पाइपांवरून फिरवा. फिस्स ऐकू आलं की सापडली. हात आणि शर्ट पंख्यापासून लांब. त्यात २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. त्याला हवेच्या मानानं इंधन जास्त लागतं, त्यामुळे १० टक्क्यांसाठी बनलेल्या जुन्या गाडीचा ट्रिम आधीच तीन-चार टक्के वर सरकतो. काठावरची गळती तेवढ्यानं पलीकडे जाते.

टाकीचं झाकण घट्ट करा, हा इंटरनेटचा लाडका सल्ला मी इथे जवळपास बाद करतो. तो अमेरिकेतल्या गाड्यांचा. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत टाकीची गळती तपासायची यंत्रणाच नसते.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र विनोद बंद. ते मिसफायर, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतलं जाळं वितळतं. गाडी बाजूला घ्या. पी ०३०१, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर, आला तर त्याची ठिणगी देणारी कॉइल तीन नंबरला लावून बघा. कोड ०३०३ झाला तर कॉइल गेली. जागचा हलला नाही तर तसाच प्लगचा फेरफटका. खर्च शून्य, आणि गॅरेजवाला चारही कॉइल बदला म्हणेल तेव्हा बोलायला तोंड.

पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची फिर्याद, आला की कन्व्हर्टर बदला म्हणतात, पाच आकडी बिल. त्याआधी सायलेन्सरच्या जोडाची गॅस्केट बघा. तिथून आत ओढलेली हवा कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फसवते. गळती नसेल तर इंजिन गरम करून मागच्या सेन्सरचा आलेख पाहा: साधारण ०.६-०.७ व्होल्टवर स्थिर, तर कन्व्हर्टर जिवंत. पुढच्याच्या सुरात ०.१ ते ०.९ उड्या मारतो, तर रामनाम.

काम झालं की कोड मिटवा, सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि वर्धा रोडनं बुटीबोरीकडे एकसारख्या वेगानं वीसेक मिनिटं जाऊन या. एक फेरी पुरत नाही. कित्येक कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा लावतच नाहीत. पीयूसी पास झालं हा पुरावा धरू नका, ते धुराड्याच्या टोकाशी नाक लावतं, कॉम्प्युटरशी बोलत नाही.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा. दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागला नाही, तर बहुधा आधीच्या मालकानं बल्ब काढलाय किंवा त्यावर काळी चिकटपट्टी मारलीय. मारबत जाळायच्या ऐवजी तिच्या तोंडावर पदर ओढून तुमच्या दारात आणून ठेवलीय.