आधी फॉरमॅट, मग कॉपी? ही कुठली उलटी गंगा!

परवा रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, रिकव्हरीचं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" प्रश्न ऐकूनच पोटात गोळा आला. चिरंजीवांनी सायकलच्या हँडलला ॲक्शन कॅमेरा लावून डोंगरउतार शूट केला होता. मध्येच कॅमेरा बंद पडला आणि पुन्हा चालू केल्यावर स्क्रीनवर 'कार्ड एरर'. मग त्याने ग्रुपवर फिरणारा एक मेसेज उघडला आणि त्यातला पहिला उपाय लगेच करून टाकला.

मेसेज मलाही दोनदा आला होता, मी न वाचता सोडून दिला होता. आता वाचला. एकूण पाच 'रामबाण' उपाय. कार्ड एरर आला की आधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा, डेटा रिकव्हरीने शंभर टक्के परत येतो. तरीही नाही चाललं तर कार्ड अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासा. कार्डावर क्लास १० लिहिलेलं असलं की कुठलाही व्हिडिओ चालतो. आणि व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत आला तर कार्ड डुप्लिकेट समजा.

पहिल्याच उपायाने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून आधी तोच.

चालू रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा बंद पडला तर बहुतेक वेळा चित्रण कार्डावर असतंच. नसते ती फाइलची अनुक्रमणिका. एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी असते आणि कॅमेरा ती सहसा रेकॉर्डिंग थांबवताना लिहितो. यादीच नाही म्हटल्यावर प्लेअर फाइल उघडत नाही आणि आपण म्हणतो, कार्ड गेलं. गोप्रोसारखे कॅमेरे तेच कार्ड आत ठेवून पुन्हा चालू केले की अशी अर्धवट फाइल दुरुस्त करायचा प्रयत्न करतात. तेही जमलं नाही तर अनट्रंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धड फाइल त्याला नमुना म्हणून द्यायची, तिच्यावरून ते मोडकी फाइल जुळवतं. पण दोन्हीसाठी मोडकी फाइल जागेवर हवी ना! तीच फॉरमॅटमध्ये उडवून वर रिकव्हरी शोधत बसायचं?

'शंभर टक्के परत येतो' हे तर धादांत खोटं. साध्या फॉरमॅटने सहसा फक्त वरची नोंद पुसली जाते, खालचा डेटा राहतो, एवढं अर्धसत्य मान्य. पण फॉरमॅट करताना कार्डाला डेटा खरोखर पुसायची आज्ञाही देता येते, आणि ती दिली गेली असेल तर संपलं. ती दिली नसेल तरी ॲक्शन कॅमेऱ्याची वेगळीच भानगड असते. असे बरेच कॅमेरे एकाच वेळी दोन फाइल लिहितात, एक मूळ आणि एक मोबाइलवर चटकन दिसावी म्हणून कमी दर्जाची. दोघींचे तुकडे कार्डावर एकाआड एक पडतात. नोंद गेली की कुठला तुकडा कुणाचा हे साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरला कळत नाही. भाच्याच्या कार्डावरून मी चार फाइल काढल्या, आकार अगदी बरोबर. एक उघडली: दोन सेकंद हँडल, पुढचं चाक, मग हिरव्या-गुलाबी पट्ट्या. बाकीच्या तीन उघडल्याच नाहीत.

त्यात फॉरमॅटनंतर 'आता चालतंय का' बघायला पठ्ठ्याने पाच मिनिटं मांजराचं शूटिंग केलं होतं. १०० मेगाबिट प्रति सेकंदाने पाच मिनिटं म्हणजे पावणेचार जीबी मांजर, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या कार्डावर नवं लिखाण सहसा सुरुवातीपासूनच होतं. अर्धा डोंगर मांजराखाली गेला.

हो, फॉरमॅट कॅमेऱ्यातच करावं हे बरोबर आहे, तेवढं श्रेय मेसेजला देतो. एसडी कार्डाचे नियम ठरवणारी एसडी असोसिएशनही कॉम्प्युटरच्या नेहमीच्या फॉरमॅटऐवजी स्वतःचं फुकट फॉरमॅटर वापरायला सांगते. पण ते सगळं कॉपी झाल्यावर! एरर दिसला की कार्ड बाहेर काढा, त्यावर नवं काही लिहू नका, रीडरमध्ये घालून जे दिसेल ते आधी उतरवून घ्या.

फ्रीझरबद्दल काय बोलावं? थंड कार्ड बाहेर काढलं की त्यावर दव धरतं, ते तसंच कॅमेऱ्यात घातलं की कॅमेराही कामातून जाऊ शकतो. खोडरबराचंही तेच. पट्ट्या मळतात हे खरं, पण त्यांच्यावरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जाऊन बसतो. मऊ, धागे न सुटणारं कापड आणि किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

क्लास १० चं मात्र सांगायला हवं, कारण दुकानात सगळे तिथेच फसतात. त्याच एसडी असोसिएशनच्या व्याख्येनुसार क्लास १० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० मेगाबाइट. कॅमेऱ्याचा आकडा असतो मेगाबिटमध्ये, त्याला आठने भागायचं. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. झालं, हमी तिथेच अपुरी पडली. अशा वेळी रेकॉर्डिंग आपोआप थांबू शकतं. ४के साठी कार्डावर व्ही३० किंवा यू३ लिहिलंय का बघा, दोन्हींत किमान ३० मेगाबाइटची हमी आहे. पाकिटावरचा मोठ्या अक्षरातला १७०-२०० चा आकडा सहसा वाचण्याच्या वेगाचा असतो, आणि तोही 'पर्यंत'.

तुकड्यांत आलेला व्हिडिओ? ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर फाइल ठेवायची पद्धत सहसा एफएटी३२ नावाची असते आणि तीत एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. मोठ्या कार्डांवरही कितीतरी कॅमेरे मुद्दाम असेच तुकडे पाडतात. याचा डुप्लिकेटशी काडीचाही संबंध नाही. डुप्लिकेट कार्ड स्वतःची क्षमता खोटी सांगतं आणि खरी जागा भरली की पुढचा डेटा गिळतं. ते ओळखायला रिकाम्या कार्डावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर चालवायचं. हे सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरून सगळं परत वाचून बघतं. वेळ खूप खातं, रात्री लावून झोपा.

भाच्याच्या कार्डावर शेवटी तेही चालवलं. एकही चूक नाही, कार्ड ठणठणीत. मग कॅमेरा उघडला, तर बॅटरी फुगून इतकी घट्ट बसलेली की चिमट्याने ओढून काढावी लागली.