रॉसची गढी आणि गंगासागराचे मनोरे

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर नुसता जल्लोष होता. पुढे कुणीतरी रायगडावरच्या गर्दीचा व्हिडिओ टाकला आणि मी लिहिलं, की रोज ठरावीकच माणसं वर सोडावीत, आणि तीही माहितगार माणसाबरोबर. त्यावर दादाचं उत्तर आलं : "गड आमच्या राजांचे. आम्हाला वेळ ठरवून देणारे हे कोण? तू तिकडे बसून शिकवू नकोस."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही इथे आयर्लंडमध्ये, केरी परगण्यातल्या किलार्नीला गेलो. आमच्या ट्रली गावाहून अर्ध्या तासाचा रस्ता. लॉख लेन या तळ्याच्या काठावर रॉस कॅसल उभा आहे. कॅसल म्हटलं तरी खरं तर आपल्याकडच्या सरदाराच्या गढीसारखीच वास्तू. पंधराव्या शतकाच्या शेवटी ओ'डोनाहू घराण्याने बांधलेला जाड भिंतींचा चौकोनी बुरूज आणि भोवती तटबंदी. आत एकट्याने फिरता येत नाही. ओपीडब्ल्यूची, म्हणजे तिथल्या सरकारी बांधकाम खात्याची, गाइड ठरलेल्या वेळी मोजकी माणसं घेऊन जाते. वेळ चुकली तर तळ्याकाठी बसायचं, बदकं बघायची. तिथे आलेल्या एकाही केरीकराला यात अपमान वाटलेला मी पाहिला नाही, आणि ही वास्तू तर त्यांच्याच पूर्वजांची.

दारातून शिरलं की डोक्यावर छतात एक भोक दिसतं, शत्रूवर दगड टाकायला. मग गोल जिना. त्याच्या पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या ठेवल्यात, धावत येणारा अडखळावा म्हणून, असं गाइड सांगते. माझी मुलगी दर वेळी त्याच पायरीला ठेचकाळते आणि दर वेळी वर बघून हसते. छप्पर मधल्या काळात गेलं होतं. ते ओकच्या लाकडात जुन्या पद्धतीने पुन्हा बसवलं आहे.

१६५२ मध्ये आयर्लंड जिंकायला निघालेल्या इंग्रज पुढारी क्रॉमवेलचा सेनापती लडलो इथे आला. तळ्यात जहाज येईल तेव्हाच गढी पडेल, असं जुनं भाकीत होतं. त्याने समुद्राकडून लॉन नदीतून होड्या वर आणल्या, आणि त्या तळ्यात दिसताच गढी शरण गेली. महाराज तेव्हा २२ वर्षांचे होते. चारच वर्षांनी त्यांनी जावळी घेतली, आणि रायरी, म्हणजे पुढचा रायगड, स्वराज्यात आली. हे मी तिथे जिन्यात उभी राहून मुलीला सांगते.

इंग्रजांनी आमचे वाडे जाळले, आम्ही काय राखणार, असंही दादा म्हणतो. १८१८ मध्ये रायगड जळला हे खरंच आहे. पण रॉसमध्येही इंग्रजांची पलटण राहिली, तिच्यासाठी शेजारी बराकी बांधल्या. तरी आज तिथल्या भिंतीवर एकही नाव खरवडलेलं मला दिसलं नाही. आपल्याकडे रायगडावर गंगासागर तलावाच्या काठी दोन मनोरे आहेत, बारा कोनांचे, वरचे मजले ढासळलेले. तळ्याकाठचे बुरूजच म्हणायचे. त्यातल्या एकाच्या आत मी कोळशाने काढलेला बदाम आणि दोन नावं पाहिली आहेत, आणि खाली पाण्यात बाटल्या. तो राग माझ्या मनातून जात नाही. इथे मी वर्षाचं हेरिटेज कार्ड, म्हणजे अशा सरकारी वास्तू बघायचा पास, काढते, आणि ते पैसे त्या दगडांवर खर्च होताना दिसतात. आपण जयजयकार करतो, पण दगडाला चुना कोण लावतं?

हे सगळं मी दादाला लिहिलं. पण एक गोष्ट लिहिली नाही. रॉसला मी सहा वेळा गेले आहे. रायगडावर दोनदाच : एकदा शाळेच्या सहलीत पायी, आणि एकदा मुलीला घेऊन रोपवेने, तीन तासांत परत, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. दादा दर वर्षी चढतो. येताना बाटल्यांचं पोतं भरून खाली आणतो, हेही मला माहीत आहे. त्याचं "तिकडे बसून" मला लागलं ते त्यामुळेच.

या दिवाळीनंतर शाळेला मिडटर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी होती. मुलीने मागच्या अंगणात किल्ला केला. मी अळीव भिजवून ठेवला होता, पण तिने कुंपणाजवळचं शेवाळ सोलून आणलं. मी रायगड सांगितला होता. तिने खड्डा खणून त्यात पाणी ओतलं आणि काठावर चौकोनी बुरूज उभा केला. वर पुण्याहून आणलेले सिंहासनावरचे महाराज ठेवले, तळ्याकडे तोंड करून. "आपला तळ्याकाठचा किल्ला," म्हणाली. "होड्या आल्या तर त्यांना आधी दिसतील."

ग्रुपवर टाकायला मी फोटो काढला. तो अजून टाकलेला नाही.