'आता शिकून काय कलेक्टर होणार का?' या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात एक मेसेज जोरात फिरत होता, तुमच्याकडेही आला असेल. वर गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसलेल्या आज्यांचा फोटो आणि खाली पाच मुद्दे. पन्नाशीनंतर मेंदूत नवीन काही शिरत नाही. आता सगळं अंगठ्यावर होतं, त्यामुळे अक्षरओळखीची गरजच उरली नाही. बचत गट, भजनी मंडळ, वाचनालय म्हणजे टाइमपास, गाव सुधारतं ते रस्ता-पाण्याने. 'आजीवन शिक्षण' हे बाहेरून आलेलं फॅड. आणि प्रौढ शिक्षण म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी. शेवटी हसून लोळणाऱ्या इमोजी आणि 'म्हातारपणी शिकून काय कलेक्टर होणार का?'

एरवी मी असल्या मेसेजच्या नादाला लागत नाही. पण हा आमच्या फॅमिली ग्रुपवर भाऊजींनी टाकला आणि मावशीच्या नातवाने तो तिला मोठ्याने वाचून दाखवला, कारण तिला तो वाचताच येत नव्हता. मावशीने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, दिवाळीनंतर शेजारच्या मुलीकडे संध्याकाळी अक्षरं गिरवायला जायला लागली होती, स्वतःचं नाव जमायला लागलं होतं. ते बंद. 'नको बाई, लोक हसतात.' म्हणून हे लिहितेय, आणि भाऊजी, तुम्ही वाचताय हे मला माहितीय.

मेंदूचं पटकन उरकते. लंडनमधे टॅक्सीचं लायसन्स हवं तर शहरातले 25,000 च्या आसपास रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं त्यातच जातात. तिथल्या संशोधकांनी हे शिकणाऱ्यांचे मेंदू आधी आणि नंतर स्कॅन करून पाहिले, 2011 साली ते छापून आलं. जे पास झाले त्यांच्या मेंदूचा जागा-रस्ते लक्षात ठेवणारा भाग वाढलेला दिसला, नापास झालेल्यांचा नाही. ही सगळी घोडी झालेली माणसं होती, शाळकरी पोरं नव्हेत. साठीची नव्हती हे मान्य, आणि साठीनंतर वेळ जास्त लागतो हेही मान्य, जोडाक्षरं तर जीव काढतात. पण तो जो आज्यांचा फोटो तुम्ही चेष्टेला वापरलाय ना, तशी शाळा मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला योगेंद्र बांगर नावाच्या झेडपीच्या शिक्षकांनी सुरू केली, साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका त्यात बसल्या. त्यांना काय हवं होतं? पोथी स्वतः वाचायची होती. कलेक्टर व्हायचंय असं कुणी म्हटलं होतं?

आता अंगठा. या मुद्द्यावर माझं डोकं खरंच फिरलं.

गावात बँक नसते, बँकेचे पैसे काढून द्यायला एक सेंटरवाला छोटं मशीन घेऊन बसतो. तो आधार नंबर टाकणार, रक्कम टाकणार, मग म्हणणार 'लावा अंगठा'. लावला. 'मावशी, सर्व्हर डाऊन आहे, परत लावा.' परत लावला. आता पहिल्या अंगठ्याला पैसे गेले का, दुसऱ्याला गेले का, का दोन्ही वेळा गेले, हे तिथल्या तिथे कळायचे मार्ग दोनच, मशीनमधून निघालेली पावती आणि मोबाइलवर आलेला मेसेज. आणि दोन्ही वाचायच्याच गोष्टी आहेत हो! पावतीवर आकडे इंग्रजी, काढलेली रक्कम एका ओळीत, शिल्लक दुसऱ्या ओळीत, ज्या बाईला नोटा रंगावरून ओळखता येतात पण छापलेला आकडा लागत नाही ती ती चिठ्ठी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवते आणि पोरगा सुट्टीला येईपर्यंत वाट बघते. पोरगा आला तरी तो बघेलच असं नाही. सगळे सेंटरवाले लबाड नसतात, आमच्याकडचा तर बिचारा स्वतःहून वाचून सांगतो, पण 'व्यवहार फेल झाला' म्हणून सांगायचं आणि पैसे काढून घ्यायचे हा प्रकार किती गावांत झालाय ते पेपर वाचणाऱ्या माणसाला सांगायला नको. तो अंगठा तिचा असतो, पण मशीन, स्क्रीन, पावती सगळं समोरच्याच्या ताब्यात. लाडक्या बहिणीच्या 1500 रुपयांचंच उदाहरण घ्या. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करा म्हटल्यावर ओटीपी येतो, तो वाचता येत नाही म्हणून अख्खा फोनच दुसऱ्याच्या हातात जातो, त्यात काय काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे. अंगठा आला म्हणून अक्षर नको हे म्हणणं मला तर उलटं वाटतं, पूर्वी अंगठा वर्षातून एकदा तलाठ्याकडे नाहीतर शेतीकर्जाच्या सोसायटीत लागायचा, आता महिन्याला लागतो.

आणि अंगठा चालतो म्हणणाऱ्यांनी म्हसवडला जाऊन विचारावं. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, दुष्काळी भाग. तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायची म्हणून अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्जावर अंगठेच अंगठे. या बायकांना घेऊन बँक उभी करणाऱ्या चेतना सिन्हा हे स्वतः सांगतात, की त्या निराश झाल्या होत्या पण बायका नाही झाल्या, बायका म्हणाल्या आम्हाला लिहा-वाचायला शिकवा. काही महिने शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आमच्या गावात शाळा नव्हती यात आमचा दोष नाही, पण रक्कम सांगा आणि कॅल्क्युलेटर न घेता व्याज काढायला लावा, बघू कोण आधी काढतं. 1997 ला माणदेशी महिला बँक उभी राहिली. कलेक्टर नाही झाल्या. बँकेच्या मालक झाल्या.

बचत गट-भजनी मंडळ वगैरे टाइमपास. इथे मला एकच संदर्भ द्यायचाय पण तो दणकट आहे. इटलीत 1970 साली सगळीकडे प्रादेशिक सरकारं आली, कागदावर रचना सारखीच. रॉबर्ट पटनम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने दोन दशकं त्यांच्यावर नजर ठेवली. एक परीक्षा तर फारच मजेशीर, साध्या नागरिकाच्या नावाने सरकारी खात्यांना पत्रं पाठवली, तीन चौकश्या. एमिलिया-रोमान्यात दोन पत्रांना आठवड्याच्या आत पूर्ण उत्तर, तिसऱ्याला एक फोन पुरला. दक्षिणेत कालाब्रियात एकाही पत्राला उत्तर नाही, आठवडे गेले, फोन झाले, शेवटी माणूस समक्ष जाऊन उभा राहिला. (आपल्याला हे वाचून कुठलं ऑफिस आठवतं ते प्रत्येकाने आपापलं बघावं.) आणि फरक कशाने पडला तर नुसत्या पैशाने नाही, तिथे गाण्याची मंडळं किती, फुटबॉलचे क्लब किती, लोक पेपर किती वाचतात, यावरून कारभाराचा अंदाज नीट लागत होता. म्हणजे भाऊजी, भजनी मंडळ आणि वाचनालयच! या अभ्यासावर टीकाही बरीच झाली, त्याने इतिहास फार मागे ताणला म्हणून, पण पत्रांची उत्तरं आली की नाही आली यात वाद घालायला जागा नाही.

इटली लांब वाटत असेल तर गडचिरोली. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. तिथे अभ्यास गट चालतो. लोक बसतात, बाहेरच्या माहितगाराला बोलावतात, कायदा काय म्हणतो, जंगलाचं काय, मधाचं काय, शंका विचारतात, वाद घालतात. गंमत अशी की निर्णय अभ्यास गटात घेत नाहीत, तो ग्रामसभेत आणि सगळ्यांच्या सहमतीनेच. 2006 चा वनहक्क कायदा आपल्यासारख्या शिकलेल्यांनी उघडूनही पाहिला नसेल, त्यांनी तो समजून घेतला आणि 2009 ला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. गावकरी अडून बसले. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्यानंतर बांबू गावाने विकला, पैसा गावात आला. तुमचं ते रस्ता-पाणी जे आहे ना, त्याला लागणारा पैसा असा आला, आधी बसून शिकले म्हणून.

एक मात्र कबूल करते. बचत गटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सवाल्यांनी घरोघर कर्जं वाटली, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका तिच्या दारात, हे मी बघितलंय आणि ते घाण आहे. एकोप्याचा असाही वापर होतो. आणि कित्येक भजनी मंडळांत अजून एका वस्तीची माणसं बाहेरच बसतात, तेव्हा मंडळ आहे म्हणजे सगळं छान असंही नाही.

बाहेरचं फॅड? जोतिबा-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली ते साल 1855. साताऱ्यात मोठ्या माणसांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम 1959. पुढे.

उधळपट्टीचा मुद्दा अर्धा खरा आहे, चडफडत का होईना मान्य. 1978 पासून योजनांची नावं बदलत आली, कितीतरी वर्ग फक्त मस्टरवर भरले, कंदिलाचं रॉकेल कुणाच्या घरी गेलं ते जुन्या लोकांना विचारा. आता जो नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे त्याच्या सर्वेक्षणावर 2023 ला शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला होता, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, शिकवायचं सोडून किती याद्या करायच्या त्यांनी. पण पैसे खाल्ले म्हणून वर्गच नको, हा हिशोब नळपाणी योजनेला लावाल का? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बायकांची साक्षरता 75.9 टक्के होती, म्हणजे चारातली एक बाहेर. त्या बाईला वगळून वाचलेला पैसा कुठे लावणार आहात ते मेसेजमधे लिहिलेलं नाही.

आणि कुणाच्या घरी अशी मावशी, आत्या, आजी असेल तर जवळच्या झेडपीच्या शाळेत या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चौकशी करा. 15 वर्षांवरचं कुणीही चालतं, वरची मर्यादा नाही, शिकवायला शेजारची कॉलेजातली पोरगी स्वयंसेवक म्हणून चालते. शेवटी 150 मार्कांचा पेपर असतो, वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50. पेपर नाही दिला तरी पावती वाचता येण्याइतकं शिकता येतंच. सुरुवात आकड्यांपासून करा, त्यातही इंग्रजी आकड्यांपासून, मशीनवर तेच असतात.