क्वेकरांशी भांडायला वल्हवत गेलेला म्हातारा

धार्मिक सहिष्णुतेचा विषय निघाला की आपल्या ख्रिस्ती मंडळींची दोन ठरलेली उत्तरं असतात. एक गट म्हणतो, आम्हीच कायम छळ सोसत आलो. दुसरा मान खाली घालून कबूल करतो की धर्मस्वातंत्र्य देव न मानणाऱ्या विचारवंतांनी आणलं, चर्चने फक्त चितेला लाकडं पुरवली. मला दोन्ही पटत नाहीत. स्वातंत्र्याची मागणी आपल्यातल्याच कट्टर भाविकांनी शास्त्र हातात धरून केली आणि आपणच ती पुन्हा पुन्हा विसरलो. बहुतेक वेळा हातात सत्ता आल्यावर.

इ.स. 212 च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन रोमन सुभेदाराला ठणकावून लिहितो की ज्याला जे पटेल त्याची भक्ती करायचा हक्क माणसाला आहे, आणि धर्म लादणं हे धर्माचं कामच नव्हे. तेव्हा मार आपण खात होतो. 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या रोमन सम्राटांनी सगळ्यांनाच उपासनेची मोकळीक दिली. मग सत्तरेक वर्षांतच प्रिसिलियन नावाच्या बिशपचा ट्रियरला शिरच्छेद झाला. कागदावर आरोप जादूटोण्याचा, पण त्याच्या हात धुऊन मागे लागलेले लोक बिशपच होते. तूरचा बिशप मार्टिन याने विरोध केला, तो कुणी ऐकला नाही.

बिशप ऑगस्टिनचं प्रकरण मला जास्त बोचतं, कारण तो दुष्ट नव्हता. मुख्य चर्चपासून फुटलेल्या डोनाटिस्टांवर जबरदस्ती करू नये, असंच त्याचं आधी मत होतं. मग त्याने पाहिलं की सम्राटाच्या फर्मानांच्या धाकाने गावंच्या गावं परत आली आणि पुढे आभारही मानू लागली. येशूच्या मेजवानीच्या दाखल्यातलं ‘आग्रह करून आत आण’ त्याने जबरदस्तीच्या समर्थनाला लावलं. देहदंडाला मात्र त्याचा विरोधच राहिला. पुढच्यांनी ती अट सोडून दिली आणि दाखला तेवढा ठेवला. ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून केलेल्या जबरदस्तीची मला म्हणूनच उघड द्वेषापेक्षा जास्त भीती वाटते.

27 ऑक्टोबर 1553 ला प्रोटेस्टंट जिनिव्हात त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारणाऱ्या सर्व्हेटसला जाळलं. त्याआधी फ्रान्समधल्या व्हिएन्नच्या कॅथलिकांनी त्याचा पुतळा जाळला होता, म्हणजे या एका बाबतीत दोन्ही बाजूंचं एकमत होतं! त्यावर कास्टेलियोने लिहिलं, “माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणंच.” कास्टेलियो स्वतः पवित्र शास्त्राचा भाषांतरकार होता, नास्तिक नव्हे. इंग्लंडमध्ये बॅप्टिस्ट टॉमस हेल्विसने 1612 मध्ये लिहिलं की पाखंडी असोत, तुर्क असोत, यहुदी असोत, त्यांना शिक्षा करणं राजाचं काम नाही. राजाला पाठवायच्या प्रतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं की राजा मर्त्य माणूस आहे, देव नाही. त्याचा शेवट तुरुंगात झाला.

पण माझा लाडका माणूस रॉजर विल्यम्स. 1635 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने या धर्मोपदेशकाला हद्दपार केलं, ऐन थंडीत बर्फातून तो निघाला आणि 1636 मध्ये त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या, हा दाखला त्याने शब्दशः मनावर घेतला. तिकडे बॉस्टनने 1659 ते 1661 या काळात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिली. त्यांत मेरी डायर ही बाईही होती. शेजारच्या वसाहतींनी दबाव आणला, तरी विल्यम्सच्या ऱ्होड आयलंड वसाहतीने क्वेकरांना हाकललं नाही.

विल्यम्सला क्वेकर आवडत होते म्हणून? छे! ते शास्त्रापेक्षा अंतःप्रकाशाला मोठं मानतात, यावर त्याचा संताप व्हायचा. 1672 मध्ये सत्तरीला टेकलेला हा माणूस त्यांच्याशी वाद घालायला दिवसभर होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि पोहोचला मध्यरात्रीच्या सुमारास. तीन दिवस कडाक्याचं भांडण झालं, नंतर त्याने त्यांच्याविरुद्ध पुस्तकही छापलं. पण त्यांच्या श्रद्धेसाठी त्यांना शिक्षा व्हावी, असं त्याने कधी म्हटलं नाही. ‘सगळे धर्म सारखेच’ ही भाषा त्याची नव्हती. सहिष्णू व्हायचं तर आपला विश्वास पातळ करावा लागतो, असं मानणाऱ्यांनी हा म्हातारा जरूर वाचावा.

आता आपल्याबद्दल. पाकिस्तानातल्या ईश्वरनिंदेच्या कायद्याविरुद्ध आपण प्रार्थना करतो, आणि केलीच पाहिजे. पण कुणी प्रभू येशूची टिंगल करणारं चित्र काढलं की आपल्यातलेच काही जण बंदी आणि अटकेची मागणी करतात. 1697 मध्ये एडिनबरोला टॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला धर्माची टवाळी केली म्हणून फाशी दिली. त्याने माफी मागितली होती, तरीही. प्रभूची लाज राखायला दोर लागतो, असं मानणाऱ्यांचा प्रभूवर विश्वास नेमका किती होता?

आणि 2017 मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने यहोवाच्या साक्षीदारांच्या संघटनेवर बंदी घातली. पुढे त्यांतले कित्येक जण तुरुंगात गेले. ते त्रैक्य मानत नाहीत. त्यांची शिकवण मला साफ चुकीची वाटते आणि ते दारात आले तर मी तासभर वाद घालीन. पण छळ होणाऱ्यांसाठी आपल्या चर्चमध्ये जी नावं घेतली जातात, त्यांत त्यांचं नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. या रविवारी ते कोण घेणार?