पाणवठ्यावर दिसले नाहीत, म्हणून माळावर नाहीत?

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: येवला तालुक्यातलं ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र हे काळविटांचं. तिथल्या कोरड्या माळावर बेडूक नसतात, साप-सरडेही मोजकेच. बुद्धपौर्णिमेच्या पाणवठा गणनेत, म्हणजे चांदण्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर येणारे प्राणी मोजतात तेव्हा, ते दिसत नाहीत. शिवाय काळवीट राखलं, की बाकीचेही राखले जातात. मग त्यांच्या वेगळ्या सर्वेक्षणावर पैसा कशाला? फार तर मोबाइलवर फोटो काढून यादी करावी. आणि शहरात पकडलेले साप तिथे नेऊन सोडले, की विविधता आपोआप वाढेल. यातला एकही मुद्दा पुरता टिकत नाही, आणि शेवटचा तर घातक आहे.

«कोरड्या माळावर बेडूक कुठून येणार?»

आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर येवला-नांदगावकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. हा फरक खरा आहे. पण त्यावरून माळावर बेडूक नाहीत असं ठरत नाही, ते वर्षातला बराच काळ जमिनीखाली असतात एवढंच ठरतं. जमीन उकरणाऱ्या बेडकांच्या मागच्या पायाला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. त्याने माती मागे सारत ते उलटे खाली जातात आणि ओल धरून पडून राहतात. पहिला दमदार पाऊस झाला, की एकदम वर येतात. डबक्याकाठी नर ओरडतात, मादी अंडी घालते, आणि डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटावे लागतात. सगळा कारभार थोड्या रात्रींचा. त्या रात्री तिथे कोणी नसेल, तर वहीत शून्यच येणार. याच गटातली स्फेरोथेका पश्चिमा ही जात शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये महाराष्ट्रातून नव्याने नोंदवली. ती सह्याद्रीच्या दाट रानातली बेडकी नाही, मोकळ्या जमिनीत उकरून राहणारी आहे.

«गणनेत दिसले नाहीत»

पाणवठा गणना काळवीट, लांडगा, तरस यांच्यासाठी ठीक आहे. ते प्राणी उन्हाळ्यात पाण्यावर येतात, चांदण्यात दिसतात. सरपटणाऱ्यांचं तसं नाही. खवल्यांच्या कातडीतून पाणी कमी उडतं, बरंचसं पाणी भक्ष्यातूनच मिळतं, म्हणून कित्येक जातींना पाणवठ्याची वाट धरावी लागत नाही. वाळा हा गांडुळासारखा बारीक साप मातीतच राहतो. फुरसं दिवसा दगडाखाली असतं आणि रात्री निघतं. त्याचा मातकट रंग मचाणावरून कोणाला दिसणार? वैशाखात बेडूक तर अजून खालीच.

त्यांच्यासाठी पद्धतच वेगळी लागते. ठरलेल्या पट्ट्यांत ठरलेला वेळ चालायचं, सकाळी आणि रात्री. दगड उचलून पाहायचे आणि होते तसेच परत ठेवायचे, कारण खालची ओल आणि आडोसा म्हणजेच कोणाचं तरी घर असतं. किती माणसं, किती वेळ, तापमान किती, पाऊस कधी पडून गेला, हे प्रत्येक वेळी लिहायचं. काहीच सापडलं नाही तर तेही लिहायचं. तोच पट्टा पुन्हा पुन्हा चालल्याशिवाय «नाही» आणि «दिसलं नाही» यांतला फरक कळत नाही. बादल्या पुरून लहान जीव पकडायचे असतील, तर वनखात्याची परवानगी हवीच. शिवाय बादलीत ओला स्पंज, बुडाला भोकं आणि रोज पहाटे तपासणी, नाहीतर आत पडलेला जीव उन्हाने मरतो.

हे सगळं एका ऋतूत उरकत नाही. पंख्यासारखा गळा फुलवणाऱ्या सरड्यांचे नर पावसाआधीच्या उन्हात दगडावर चढून रंग दाखवतात, बेडकांच्या रात्री पाऊस पडल्यावर येतात. एकाच महिन्यात जाऊन आलेल्याने अर्धी यादी तरी गमावलेली असते.

«फोटो पुरेसा आहे»

वर सांगितलेल्या सरड्यांचंच पाहा. दीर्घकाळ ते सगळे मोजक्या जातींत मोडत. 2016 मध्ये त्यांची नव्याने तपासणी झाली, तेव्हा कित्येक जाती वेगळ्या निघाल्या आणि «सरडा» याच शास्त्रीय नावाची नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा नवा गटच, करावी लागली. नराच्या गळ्याचा रंग दिसला तर अंदाज बांधता येतो. मादी किंवा हंगाम संपलेला नर असेल, तर मोबाइलवरचा तपकिरी सरडा कुठल्याही नावाखाली बसतो. उकरणाऱ्या बेडकांत आवाजाचं ध्वनिमुद्रण लागतं, कधी जनुकीय तपासणीही. फोटो जरूर काढा, पण ती सुरुवात आहे. मांडुळाच्या फोटोसोबत नेमकी जागा मात्र कधीच टाकू नका, चोरट्या व्यापारापायी मांडुळांचे जीव जातात.

«काळवीट राखलं की बाकीचे राखले जातात»

गवताळ जमीन वाचते, इतपत हे खरं. पण काळविटासाठी बांधलेल्या पाणवठ्याची भिंत सरळ आणि गुळगुळीत असेल, तर आत पडलेला बेडूक किंवा सापसुरळी वर येऊ शकत नाही. एका बाजूला उतार किंवा दगडांची पायरी केली की काम होतं. काळवीट मोजून हे कधीच लक्षात येणार नाही.

«पकडलेले साप तिथे सोडा»

सर्पमित्रांचं काम मी मोलाचं मानतो, म्हणून हे जास्त कळकळीने लिहितोय. दूर नेऊन सोडलेला साप ओळखीची बिळं आणि भक्ष्याच्या जागा शोधत भटकतो, आणि अशा सापांत मरण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सोबत रोगही जाऊ शकतो. राखीव क्षेत्राभोवती वस्त्या आणि शेतं आहेत. भटकणारी घोणस तिथे शिरली, तर कांदा काढणाऱ्या बाईच्या हाताशी येते. आणि सर्वेक्षणाचंही वाटोळं होतं, कारण पट्ट्यात सापडलेला नाग तिथलाच की पंचवटीतून गाडीत आलेला, हे कसं ठरवणार? साप जिथे पकडला त्याच्या जवळच्याच सुरक्षित जागी, वनखात्याला कळवून सोडावा. याआधी कोणी ममदापूरला साप सोडले असतील, तर जात, तारीख आणि जागा वनखात्याला द्यावी, म्हणजे सर्वेक्षणाच्या यादीत त्या नोंदी वेगळ्या ठेवता येतील.